क्रिश तीन आणि कोलमचा कट्टा



संवत्सरीनंतरच्या रविवारी शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील आपली घरे क्षमापनेसाठी एकत्र जमली होती. इकडून किन्हवली, डोळखांब, वाशिंद, खर्डी. तिकडून सरळगाव, टोकावडे, धसई. ज्यांची गाठ वर्षभर वसुलीपुरती किंवा लग्नाच्या मांडवातच पडते, अशी माणसे त्या दिवशी हात जोडून एकमेकांसमोर उभी राहतात. भोजन आटोपल्यावर वडीलधारी मंडळी नेहमीप्रमाणे समृद्धी महामार्गाच्या विषयावर आली. जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून आपल्या बाजारपेठांचे पुढे काय होणार, हा प्रश्न आमच्या पंगतीत वाढप्यासारखा फिरत असतो. त्याला अजून कोणी उत्तर वाढलेले नाही. मी उठून ओसरीवर गेलो, तर तेथे तरुण मुलांचा वाद ऐन रंगात आला होता. आवाज इतके चढलेले की, आज कोणता दिवस आहे याची आठवण करून द्यावी असे क्षणभर वाटले.

वादाचा विषय होता, ‘क्रिश’चा चौथा भाग काढावा की काढू नये.

आता या स्तंभात व्रते, व्यापार, घरसंसार यांवर लिहिणाऱ्या माणसाने सिनेमातील मुखवटेधारी वीरावर लिहावे, हे काहींना रुचणार नाही. परंतु त्या ओसरीवर मी दीड तास बसलो आणि उठताना जे घेऊन उठलो, ते अजून उतरलेले नाही. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

ज्यांना ही मालिका ठाऊक नसेल अशा ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगतो. राकेश रोशन यांचा ‘कोई मिल गया’ 2003 च्या ऑगस्टमध्ये आला. बुद्धीची वाढ खुंटलेला रोहित, त्याला परग्रहावरून आलेल्या ‘जादू’ने दिलेली शक्ती, आणि मुलाला पदराखाली घेऊन जगणारी आई, अशी ती कथा. आमच्या घरी चातुर्मास काटेकोर पाळणाऱ्या माझ्या आईने तो थिएटरात पाहिला नाही. पुढे दूरदर्शन संचावर पाहिला आणि रोहितला मुले चिडवतात त्या प्रसंगी डोळे पुसले. 2006 च्या जूनमध्ये ‘क्रिश’ आला. त्यात रोहितचा मुलगा कृष्णा, डोंगरात आजीजवळ वाढलेला. आणि 2013 च्या 1 नोव्हेंबरला ‘क्रिश 3’. तो दिवस शुक्रवार होता आणि धनत्रयोदशीही होती. सिनेमा धनत्रयोदशीला प्रदर्शित करणाऱ्याने व्यापाऱ्याच्या घरचा विचार केलेला नसतो, हे उघड आहे. आमच्या घरची मुले भाऊबीज उरकून आसनगावहून लोकलने कल्याणला गेली आणि रात्री परतली, ती गप्प गप्पच. मी विचारले, कसा होता? धाकटा म्हणाला, “मोठा होता.” चांगला असे तो म्हणाला नाही.

त्या गप्प बसण्याला बारा वर्षांनी त्या ओसरीवर वाचा फुटली होती.

मुरबाडची एक मुलगी कल्याणला सनदी लेखापालाकडे उमेदवारी करते. तिचे म्हणणे साधे आणि हिशेबी होते. क्रिश तीनने त्या वर्षी भरपूर धंदा केला, तो त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या हिंदी चित्रपटांत मोडतो, हे तर सर्वांना मान्य आहे. मग ज्या मालाला एवढा उठाव होता, त्याचा पुढचा नग बाजारात यायला बारा वर्षे का लागावीत? मध्यंतरी घोषणा किती झाल्या. पहिल्या ‘क्रिश’ला पंधरा वर्षे झाली तेव्हा, 2021 मध्ये, खुद्द हृतिक रोशनने पुढच्या भागाचे सूतोवाच केले. अखेर 28 मार्च 2025 रोजी राकेश रोशन यांनी जाहीर केले की, चौथ्या भागाचे दिग्दर्शन हृतिकच करील आणि निर्मितीत आदित्य चोप्रा भागीदार असतील. “काका,” ती म्हणाली, “गल्ला वेगळा आणि पत वेगळी. गल्ला त्या वर्षाचा असतो. पत पुढच्या वर्षाची असते.” एवढ्या लहान वयात हे वाक्य उच्चारणाऱ्या मुलीला कोणती पेढी सून म्हणून नेणार आहे कोण जाणे; तिने मात्र त्या पेढीचे ताळेबंद आधी तपासावेत.

वाशिंदच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचा राग निराळा होता. तो म्हणाला, तिसरा भाग मुळी आपला नव्हताच. इच्छामात्रे लोखंड हलवणारा खलनायक आणि हवे ते रूप धारण करणारी स्त्री ही दोन्ही पात्रे त्याने ‘एक्स-मेन’ या अमेरिकन चित्रपटांत आधीच पाहिली होती. पहिल्या भागातही परग्रहावरचा पाहुणा बाहेरच्या चित्रपटांची आठवण करून देणारा होताच. परंतु त्याच्या भोवतीची आई, शाळा, सायकलवरची मुले ही आपली होती. तिसऱ्यात भोवतालचेही परके झाले.

सरळगावच्या एका घरातील सून आतापर्यंत ताट पुसत ऐकत होती. ती म्हणाली, “मला तर आजी हवी होती.” पहिल्या भागात आई, दुसऱ्यात तीच आजी होऊन नातवाला जगाच्या नजरेपासून लपवते, आणि तिसऱ्या भागाच्या कथेत तिला जागाच उरली नाही. रेखाने ते काम केले होते. त्या सुनेच्या मते क्रिश तीनमध्ये सर्वांत जिवंत पात्र कायाचे होते, खलनायकाने घडवलेल्या आणि नायकाच्या सहवासाने बदललेल्या स्त्रीचे. आणि लेखकांनी तिलाच मारून टाकले. यावर किन्हवलीच्या मोबाइल-दुकानदाराचा मुलगा उसळला. तिसरा भाग आला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. विमानाचे पुढचे चाक अडकते आणि क्रिश हवेत झेपावून ते सोडवतो, हे दृश्य त्याने तेव्हा पाहिले, ते अजून त्याच्या डोळ्यांपुढे आहे. “तुम्ही सगळे मोठे होऊन पाहायला गेलात, म्हणून तुम्हाला आवडला नाही,” तो म्हणाला. या मुद्द्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मला तो मुद्दा बिनतोड वाटतो, अजूनही.

नऊ वर्षांच्या एका मुलाने मात्र सर्वांना निरुत्तर केले. ‘क्रिश’ आहे, ‘क्रिश तीन’ आहे. मग ‘क्रिश दोन’ कुठे आहे? ‘कोई मिल गया’ हा पहिला धरला की गणित जुळते, हे त्याला समजावण्यात पाच मिनिटे गेली. आमच्या पावती-पुस्तकातला एक क्रमांक असा गहाळ झाला असता, तर कर अधिकाऱ्याला समजावण्यात पाच महिने गेले असते.

वर्तमानाचीही छाया त्या वादावर होती. ऑगस्टच्या मध्यावर ‘वॉर 2’ आला. पर्युषण लागण्यापूर्वी तो पाहून आलेली मुले तेथे होती. तो महावीराचा, म्हणजे सुपरहिरोचा, चित्रपट नव्हे (महावीर हा शब्द आपण अन्य कोणाला लावू नये, तेव्हा मी ‘महानायक’ म्हणतो), परंतु नट तोच, आणि निराशाही त्याच जातीची. एकाने विचारले, जो स्वतःच्या दुसऱ्याच्या हातच्या पुढच्या भागाला वाचवू शकला नाही, तो स्वतः दिग्दर्शक होऊन चौथा भाग कसा वाचवील? दुसरा म्हणाला, उलट, आता दुसऱ्याचा हात नाही, म्हणूनच वाचवील.

मला बोलायला सांगितले तेव्हा मी माझ्या काळाचा वीर पुढे केला. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स असत. 1964 मध्ये ती सुरू झाली आणि ‘वेताळ’ हा त्यांचा राजा. त्या वेताळाची गंमत अशी की, जंगलातले लोक त्याला अमर समजतात. प्रत्यक्षात बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि कथेतला वेताळ हा त्या वंशातला एकविसावा असतो. मुखवटा तोच, आतला माणूस नवा. पेढीचे याहून चांगले चित्र मी कोणत्याही वाणिज्याच्या पुस्तकात पाहिलेले नाही. रोशन घराण्याचेही तेच. संगीतकार रोशन यांचे मूळ आडनाव नागरथ. त्यांचे स्वतःचे नावच पुढे मुलांचे आणि नातवाचे आडनाव झाले. थोरला मुलगा राकेश निर्माता-दिग्दर्शक, धाकटा राजेश संगीतकार, आणि क्रिशच्या तिन्ही भागांची गाणी त्याचीच. नातू नायक, आणि आता तोच दिग्दर्शक. आपल्याकडेही कित्येक घरांची आडनावे अशीच कोणा पूर्वजाच्या नावावरून किंवा गावावरून पडलेली आहेत. आजोबांचे नाव पाटीवर असणे ही ठेव आहे की ओझे, हे नातवाला विचारावे.

परंतु माझा खरा आक्षेप वेगळा होता आणि तो मी तेथे मांडला. दुसऱ्या भागातील, म्हणजे 2006 च्या ‘क्रिश’मधील, एक गोष्ट मला फार आवडली होती. सिंगापुरात सर्कशीला आग लागते. कृष्णाने आजीला शब्द दिलेला असतो की, आपली शक्ती तो कोणाला दाखवणार नाही. मुले तर आत अडकली आहेत. तो एक फुटका मुखवटा उचलतो, तोंडावर चढवतो आणि मुलांना वाचवतो. पुढे क्रिशसाठी बक्षीस जाहीर होते, तेव्हा बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पैशाची गरज असलेल्या एका मित्राला तो सांगतो की, क्रिश तूच आहेस असे म्हण. मुखवटा येथे रुबाबासाठी नाही. शब्द पाळण्यासाठी आणि नाव टाळण्यासाठी आहे. आपल्याकडे याला गुप्तदान म्हणतात. पावतीवर नाव नको, फरशीवर नको, पत्रिकेत नको. तिसऱ्या भागात मात्र त्याच मुखवट्याचा भव्य पुतळा उभा राहतो, अनावरण होते, गाणे होते. चांगले काम करणारा प्रत्येक जण क्रिश आहे, असे त्यात म्हटले आहे आणि ती कल्पना सुरेख आहे, हे मी नाकारत नाही. परंतु त्या दिवाळीत तेच मुखवटे आणि मनगटी पट्टे आमच्या बाजारात फटाक्यांच्या शेजारी लटकत होते. गुप्तदानाची पावती छापून विकायला काढावी, तसे मला ते वाटले.

दुसरा आक्षेप खलनायकाविषयी. खलनायकाचे नाव काल. दोन बोटांखेरीज सर्व शरीर निश्चल, आणि धंदा असा की आधी रोगाचा विषाणू पसरवायचा, मग त्यावरचे औषध विकायचे. आपल्यातील श्रावकाचार वाचलेल्या प्रत्येकाला येथे ‘विषवाणिज्य’ आठवेल. पंधरा कर्मादानांत, श्रावकाने न करण्याच्या धंद्यांत, त्याचे नाव स्पष्ट आहे. हिंदी चित्रपटात खलनायक म्हणून जमीनदार, तस्कर, राजकारणी आले. परंतु दुःख निर्माण करून त्याचाच व्यापार करणारा व्यापारी इतक्या उघडपणे क्वचित आला असेल. सात वर्षांनी करोनाचा काळ आला. तेव्हा आपण सर्वांनी पाहिले की, साधा मुखवटा, सॅनिटायझर आणि प्राणवायूचे सिलिंडर यांचे भाव कसे चढतात आणि कोण चढवतो. 2013 चा तो चित्रपट या एका धाग्याला धरून राहिला असता, तर तो 2020 मध्ये पुन्हा पाहण्यासारखा ठरला असता. तो धागा त्यांनी अर्ध्यावर सोडला आणि इमारती पाडायला घेतल्या.

इमारतींवरून मुलांनी मला पकडले. “काकासा, मग तुमच्या मते मारामारी नकोच का?” तसे नाही. आपल्या आचार्यांनी युद्धकथा काही कमी लिहिलेल्या नाहीत. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी कुमारपाळ राजाच्या काळात त्रेसष्ट शलाकापुरुषांची चरित्रे लिहिली. त्यांतील बलदेव, वासुदेव आणि प्रतिवासुदेव यांची त्रिकुटे नऊ. नऊ वेळा तीच मांडणी आहे. प्रतिवासुदेव चक्र सोडतो, ते वासुदेवाला काही करत नाही, उलट त्याच चक्राने प्रतिवासुदेवाचा अंत होतो. आजच्या भाषेत बोलायचे, तर ही नऊ भागांची मालिका आहे आणि शेवट आधीच ठाऊक आहे. तरीही चातुर्मासात व्याख्यानाला बसलेली माणसे उठून जात नाहीत. का? कारण युद्ध संपल्यावर कथा संपत नाही. आपल्या रामकथेत रावणाला राम मारत नाही. लक्ष्मण मारतो, आणि त्या हिंसेचे फळ म्हणून लक्ष्मणाला नरकगती भोगावी लागते. राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. जिंकणाऱ्याच्या नावेही खाते उघडलेले आहे, आणि पुढचा भाग म्हणजे त्या खात्याचा हिशेब.

क्रिश तीनमध्ये तर याहून जवळचा प्रसंग हाताशी होता. काल हा रोहितच्याच अंशातून प्रयोगशाळेत जन्मलेला. म्हणजे नात्याने क्रिशचा भाऊ. भाऊ भावासमोर उभा आहे. हे दृश्य आपल्याला कोणी शिकवायला नको. भरत चक्रवर्ती आणि बाहुबली समोरासमोर आले, सैन्य बाजूला ठेवून दोघेच लढले, आणि बाहुबलीने भावावर मूठ उगारली. ती मूठ खाली आली असती तर काय झाले असते, हे सर्व जण जाणत होते. त्याने ती मध्येच थांबवली आणि त्याच मुठीने स्वतःचा केशलोच केला. (त्याच नावाचा तेलुगू चित्रपट 2015 आणि 2017 मध्ये दोन भागांत आला आणि दुसऱ्या भागाने पहिल्याचे कुतूहल फेडले, परंतु त्याचा आपल्या बाहुबलींशी नावापलीकडे संबंध नाही.) क्रिश तीनमध्ये बाप मुलासाठी प्राण देतो, मुलगा भावाला मारतो, आणि नंतर? नंतर नवे बाळ जन्मते आणि त्यालाही शक्ती आहे असे दिसते. भावाला मारल्याची खंत एका क्षणाचीही नाही. अभियांत्रिकीच्या मुलाने मान हलवून म्हटले, “म्हणजे हिशेब न करताच नवी वही उघडली.”

परदेशातही असे होत आले आहे, हेही त्या मुलाने सांगितले आणि ते मी पडताळून पाहिले. 1987 चा चौथा सुपरमॅन खर्चात काटकसर करून काढला. त्यानंतर पडद्यावर पुढचा सुपरमॅन यायला 2006 उजाडले, म्हणजे आपला ‘क्रिश’ आला तेच वर्ष. 1997 च्या बॅटमॅनपटाची इतकी नाचक्की झाली की, आठ वर्षे त्या नावाचा चित्रपट आला नाही. 2005 मध्ये नव्या दिग्दर्शकाने अगदी मुळापासून कथा सुरू केली. सर्वांत बोलके उदाहरण 2007 च्या तिसऱ्या स्पायडरमॅनचे. पहिल्या दोन्ही भागांपेक्षा त्याची कमाई जास्त, आणि तरी चाहते नाराज. चौथ्या भागाची तयारी झाली होती, ती 2010 मध्ये मोडली आणि 2012 मध्ये नवा नट, नवी सुरुवात. मराठीत तर आपल्याला दुसऱ्या भागाचीही चिंता करावी लागली नाही. श्रेयस तळपदेचा ‘बाजी’ 2015 मध्ये आला, धाडस होते, पण त्याची वाट तेथेच थांबली.

येथवर सर्व ठीक होते. मग लेखापाल मुलीने मला विचारले, “काका, चांगल्या नावाखाली कमअस्सल माल पुढे करणे, याला आपल्याकडे शब्द आहे का?”

आहे. तिसऱ्या अणुव्रताचा, अचौर्याचा, तो एक अतिचार आहे: प्रतिरूपक व्यवहार. अस्सल वस्तूसारखी दिसणारी वस्तू अस्सल म्हणून देणे किंवा अस्सलमध्ये मिसळून देणे. चोरीचा माल घेणे, खोटे माप ठेवणे यांच्याच पंगतीला आपल्या शास्त्रकारांनी त्याला बसवले आहे. मी हे सांगितले आणि सांगता सांगता माझा पुतण्या माझ्याकडे पाहतो आहे, हे माझ्या ध्यानात आले. चारच दिवसांपूर्वी, संवत्सरी प्रतिक्रमणात, तो आणि मी शेजारी बसून त्याच अतिचाराचे मिच्छामि दुक्कडं म्हणालो होतो. पुढचे मला मग सांगावेच लागले.

आमच्या वडिलांचे शहापूरच्या बाजारात तांदळाचे दुकान. वाडा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, आणि वाड्याचा कोलम हा त्यांचा जीव की प्राण. वर्षभर मुरलेलाच विकायचा. गिऱ्हाईक नवे असेल, तर आधी मूठभर दाणे कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे, घरी शिजवून बघा, मग कट्टा न्या. ते गेल्यावर काही वर्षांनी मी महामार्गाजवळ दुसरे दुकान काढले. मानस मंदिराच्या दर्शनाला, माहुलीच्या पायथ्याला येणारी मुंबईची माणसे परतताना कोलम मागत. खरा कोलम थोडा येतो आणि महाग पडतो. मी बाहेरून आलेला, दिसायला तसाच बारीक तांदूळ त्यात मिसळू लागलो. कट्ट्यावर वडिलांचे नाव तसेच. पहिल्या वर्षी विक्री दुप्पट झाली आणि मी स्वतःला हुशार समजलो.

दुसऱ्या वर्षी डोळखांबकडची एक म्हातारी बाई एसटीने अर्धा कट्टा घेऊन आली. वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक. मुंबईच्या मुलाने जाता जाता महामार्गावरच्या दुकानातून तो घेतला होता. तिने कट्टा गल्ल्यापुढे ठेवला. पैसे परत मागितले नाहीत, आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, “शेट, हा तुमच्या बापाचा तांदूल नाय.” आणि पुढच्या गाडीने गेली. पुढे 2021 मध्ये वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बाजारात सर्वांनी पेढे वाटले. मीही वाटले. मिसळणे मी तोवर बंद केले होते, परंतु ते का बंद केले हे घरात कोणाला सांगितले नव्हते. कट्टे तसेच छापलेले आहेत. महामार्गावरच्या दुकानात आता मोठ्या कंपन्यांचा पाकीटबंद तांदूळ असतो; पाटी मात्र वडिलांच्या नावाची आहे.

ओसरीवर शांतता पसरली. किन्हवलीच्या मुलाने विषय बदलण्यासाठी विचारले, “मग काका, चौथा भाग यावा की नाही?” मी म्हणालो, यावा, पण इमारती कमी पाडाव्यात, आजीला परत आणावे, कालच्या मृत्यूचा जाब क्रिशला विचारणारे कोणीतरी त्यात असावे, आणि मुखवटा पुन्हा फुटकाच असावा. पैसा कमी पडला तर बिघडत नाही. पहिल्या भागात सर्वांना रडवले ते परग्रहाच्या यानाने नव्हे. वर्गात भेदरलेल्या मुलाने. मुलीने टिपणवहीत काहीतरी लिहिले. मुलाला पटले नाही. त्याला यानही हवे होते.

घरी परतताना गाडीत पुतण्या गप्प होता. त्याने बी.कॉम. पूर्ण केले आहे आणि भिवंडीच्या एका गोदाम कंपनीकडून त्याला नोकरीचे पत्र आले आहे. पगार चांगला आहे. आम्ही सर्व जण गेले दोन महिने त्याला एकच विचारत आहोत, दुकानात बसणार की नाही. आसनगावचे फाटक लागले, गाडी थांबली, तेव्हा तो म्हणाला, “बसेन काका. पण महामार्गावरची आजोबांच्या नावाची पाटी उतरवा. तिथे जे विकतो त्याला दुसरे नाव द्या. आणि शहापूरच्या दुकानात पुड्या पुन्हा सुरू करा.”

मी लगेच हो म्हणालो नाही. महामार्गावरचे दुकान आज घर चालवते, आणि ते चालते त्या नावामुळेच, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याच्या वडिलांशी, म्हणजे माझ्या भावाशी, बोलायचे आहे. दिवाळीला चोपडापूजन आहे. वीरनिर्वाणाच्या रात्री नव्या वहीवर पेढीचे नाव घालावे लागेल, तोवर ठरवले पाहिजे. पाट्या रंगवणारा काल येऊन गेला. दिवाळीपूर्वी त्याच्याकडे कामाची गर्दी असते. अक्षरे कोणती काढायची ते आठ दिवसांत सांगा, म्हणाला. भिंतीवर पाटीचे माप घेऊन, कोपऱ्यात खडूने आकडे लिहून गेला आहे.